जिल्हा पानाचे बिल कोण भरतो?

पेपर फुकट वाचायला मिळालाच पाहिजे आणि पेपरवाले विकले गेलेत, ही दोन वाक्ये आपल्याकडे एकच माणूस एका दमात बोलतो. जळगाव-धुळ्याचा कुठलाही व्हॉट्सॲप ग्रुप बघा. पहाटे चार दैनिकांच्या पीडीएफ येऊन पडतात आणि नऊ वाजता त्याच ग्रुपवर पत्रकारितेला श्रद्धांजली वाहिली जाते. दोन्हींवर अंगठा उमटवणारी मंडळी तीच. मराठीतल्या काही मोठ्या दैनिकांनी ई-पेपर आणि निवडक मजकूर वर्गणीआड न्यायला सुरुवात केल्यापासून हा वाद जास्तच चिघळला आहे. एकीकडे ‘माहिती हा हक्क आहे, त्याला पैसे कसले?’ म्हणणारे, दुसरीकडे ‘धंदा आहे, परवडत नसेल तर वाचू नका’ म्हणणारे. पेवॉल, म्हणजे पैसे भरल्याशिवाय मजकूर न उघडणारे हे कुंपण, असावी की नसावी यावर दोघेही तावातावाने भांडतात. तिच्या पलीकडे रावेरच्या, शिरपूरच्या, धडगावच्या वाचकासाठी नेमके काय ठेवले आहे, हे मात्र कोणी विचारत नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. वाचकाने पैसे द्यावेत, ऑनलाइन वाचणाऱ्यानेही द्यावेत. पण खानदेशातल्या वाचकाने ते मुंबई-पुण्याच्या स्तंभलेखांसाठी न देता आपल्या तालुक्याच्या बातमीदारासाठी द्यावेत, आणि पेपरने ते तिथेच खर्च केल्याचे उघड दाखवावे. एवढे होत नसेल तर पेवॉलला शिव्या घालणारे बरोबर आहेत, असे मी खुशाल म्हणेन.

बातमी फुकट असते हा समज फार तर इंटरनेटइतका जुना. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला निघाले ते वर्गणीदारांच्या भरवशावर, आणि १८४० मध्ये बंद पडले. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये ‘दीनबंधु’ काढले. त्यांना तो खर्च पेलवेना, तेव्हा १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईत पुन्हा उभे केले. १९२० मध्ये ‘मूकनायक’ निघाले तेव्हा शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. त्याची जाहिरात पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने छापली नव्हती. पुढे ‘बहिष्कृत भारत’ चालवताना बाबासाहेबांना बहुतेक सगळा मजकूर एकहाती लिहावा लागला, आणि १९२९ मध्ये तेही थांबले. खानदेशातलाच दाखला हवा तर अमळनेरला साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढत. लिहिणारा आणि वाचणारे एकाच इमारतीत राहतात, याहून स्थानिक पत्र कुठले? त्याचे बिल गुरुजींच्या झोपेतून वळते होत असे. पुढे १९३८ मध्ये त्यांनी अमळनेरहूनच ‘काँग्रेस’ साप्ताहिक सुरू केले.

यावर कोणी म्हणेल, ही तर तुमच्याच विरुद्ध साक्ष झाली. मराठीतली चांगली पत्रे वाचकांनी जगवली कुठे? ती देणगीने आणि संपादकांच्या पदरमोडीने जगली. मान्य. वाचकांच्या वर्गणीतून पत्र सुखात चालले असे दाखले आपल्याकडे थोडेच. पण शाहू महाराजांचे हित आणि ‘मूकनायक’च्या वाचकाचे हित एकाच बाजूला होते. आजच्या जिल्हा पानाचा जो आश्रयदाता आहे, त्याचे हित वाचकाच्या हिताच्या नेमके आड येते. पैसे कोण देतो एवढे विचारून भागत नाही. देणाऱ्याला काय छापून यायला नको आहे, हेही विचारावे लागते.

ते जिल्हा पान एकदा नीट न्याहाळा. वरच्या कोपऱ्यात कोणाचा तरी अभीष्टचिंतन सोहळा. त्याखाली निवेदनाचा फोटो: मध्ये तहसीलदार, दोन्ही बाजूंना पंधरा-वीस जण, आणि प्रत्येकाचा हात त्या एका कागदाला लागलाच पाहिजे अशा बेताने ताणलेला. बातमी चार ओळींची, ‘याप्रसंगी उपस्थित होते’ची यादी अकरा ओळींची. शेजारी शाळेतले वृक्षारोपण, पतसंस्थेचा स्नेहमेळावा, प्रभागातल्या गटारीचे भूमिपूजन. याच गटारीचे गेल्या निवडणुकीआधीही भूमिपूजन झाले होते का? पानावर कळत नाही. मागच्या महिन्यातल्या निवेदनाचे पुढे काय झाले? तेही नाही. कारण ही बातमी कोणी लिहिलेलीच नसते. ती कार्यकर्त्याच्या मोबाइलवरून फोटोसकट, मथळ्यासकट येते. म्हणून तर तीच वाक्ये त्याच चुकांसह तीन-तीन दैनिकांत दिसतात. ओट्यावर बसलेला म्हातारा विचारतो, ‘पेपरमा काय शे?’ आणि वाचणारा पोरगा पान उलटत म्हणतो, ‘काहीच नही.’ यापेक्षा नेमके परीक्षण मी तरी वाचलेले नाही.

याचा दोष तालुक्याच्या वार्ताहरावर टाकून मोकळे होणे सोपे आहे. त्याचे पोट कशावर चालते ते बघा. बऱ्याच ठिकाणी त्याला पगार नसतो; असलेच तर पेट्रोललाही न पुरणारे मानधन. खरी मिळकत जाहिरातीवरच्या कमिशनची. वर्धापनदिनाच्या पुरवणीचे टार्गेट, दिवाळी शुभेच्छांचे टार्गेट, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, साहेबांचा वाढदिवस. जाहिरात छापून आली की बिलाची वसुलीही त्यानेच करायची. बिल थकले की कमिशनही अडकते. आता ज्या नगरसेवकाच्या, ठेकेदाराच्या, चेअरमनच्या दारात हा माणूस महिनाभर चपला झिजवतो, त्याच्याच कामाची चौकशी त्याने करावी, अशी आपली अपेक्षा. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे सांगायला पत्रकारितेचा अभ्यासक्रम लागत नाही. आणि ६ जानेवारीला, पत्रकार दिनी, बाळशास्त्रींच्या प्रतिमेला हार घालून तो शाल-श्रीफळ घेतो तेही पुष्कळदा त्याच पुढाऱ्याच्या हातून.

वेगळे वागायचे ठरवले तर काय होते? ऑगस्ट २०२३ मध्ये पाचोऱ्यात एका पत्रकाराला भर रस्त्यात मारहाण झाली. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा केला आहे. पण पगार देणारी आणि वकील उभा करणारी संस्था पाठीशी नसेल तर कायद्याचे पुस्तक घेऊन पोलीस ठाण्याची पायरी एकट्यानेच चढावी लागते. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पेड न्यूजचे, म्हणजे उमेदवारांकडून पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचे, प्रकरण गाजले, प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये त्यावर सविस्तर अहवाल दिला, आपण सगळे हळहळलो. उमेदवारांच्या पॅकेजवर पान चालते हे कळल्यावर ‘मग आम्ही जास्त पैसे देतो, पॅकेज बंद करा’ असे म्हणणारा वाचक मात्र कुठे दिसला नाही.

वाचकाला ही सवय लावली तीही पेपरांनीच. खप वाढवायच्या स्पर्धेत किंमत पाडली, वर्षाची वर्गणी भरा आणि भिंतीवरचे घड्याळ न्या, कूपने चिकटवा आणि मिक्सरच्या सोडतीत भाग घ्या, असे चालले. वर्षाच्या शेवटी रद्दीचे पैसे येत ते वेगळेच. पेपर ही वस्तू अशी झाली की विकत घेणारा तिच्यासाठी पैसे देतच नव्हता. तो घड्याळासाठी देत होता. मग त्याच माणसाने फोनवरच्या बातमीसाठी पन्नास रुपये काढावेत म्हटले की त्याला लुबाडल्यासारखे वाटते, यात नवल काय?

आता पेवॉलविरुद्धचा सगळ्यात जड मुद्दा. खरी बातमी विकत आणि अफवा फुकट असे झाले तर काय होईल? याचे उत्तर खानदेशाने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होत्या, तेवढ्यावर. ज्या मुलखात खोटा व्हिडिओ एका क्षणात पाड्यापर्यंत पोहोचतो तिथे सत्यापुढे पैशाची अट घालणे गुन्हा आहे, असे कोणी म्हटले तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. पूर, साथीचे आजार, अफवांचे खंडन, मतदान केंद्रे, परीक्षांच्या तारखा, यांना कुंपण असूच नये.

पण राईनपाड्यावरून जो निष्कर्ष काढला जातो तो चुकीचा आहे. २०१८ मध्ये जवळपास सगळ्या मराठी दैनिकांची संकेतस्थळे फुकट होती. कुंपण नव्हतेच. तरी सत्य पोहोचले नाही, कारण ते त्या भागात जाऊन, आठवडे बाजारात फिरून, ‘अमुक गावात मूल पळवल्याचे सांगतात, तिथे जाऊन पाहिले, असे काहीही घडलेले नाही’ असे शोधून काढणारा आणि लोकांच्या बोलीत सांगणारा पगारी माणूस तिथे नव्हता. फुकट वाटायला आधी बातमी असावी लागते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

दुसरा मुद्दा गरीब वाचकाचा, आणि तोही हलका नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरचा, रोजगार हमीवर जाणारा तरुण महिन्याला वर्गणी भरेल ही कल्पनाच हास्यास्पद आहे. शिवाय छापील पेपर कधी एकट्याचा नव्हता. पैसे एक जण देई आणि वाचत वीस जण. कटिंगच्या दुकानात, एसटी स्टँडवरच्या टपरीवर, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर तो दिवसभर फिरे. जळगावचे व. वा. वाचनालय १८७७ पासूनचे. तशी वाचनालये खानदेशात गावोगाव उभी राहिली आणि तिथे सकाळी पेपरच्या लाकडी दांड्याभोवती गर्दी होई. पेवॉलने ही वाटून वाचायची रीत मोडली. एक फोन, एक पासवर्ड, एक वाचक. ही खरी हानी आहे आणि मोठ्या शहरांत बसून वर्गणीच्या योजना आखणाऱ्यांना ती दिसत नाही. मात्र यावर इलाज फुकटेपणाचा नाही. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, अनुदानित ग्रंथालयांचे जाळे आहे. ग्रंथालयाला एक सामूहिक वर्गणी आणि तिथे येणाऱ्या कोणालाही वाचायची मुभा, हे ठरवायला कोणते मोठे तंत्रज्ञान लागते? शासनाने अनुदानात ई-पेपरचा खर्च धरावा. आणि छापील पेपरवर जीएसटी नसताना ऑनलाइन वर्गणीवर १८ टक्के का, याचेही उत्तर द्यावे. पेपर कागदावर आला की ज्ञान आणि फोनवर आला की सेवा, असा हा न्याय आहे.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त पटतो: वर्गणीचा पैसा तालुक्यात येतच नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०११ मध्ये पेवॉल घातली, ती चालली, म्हणून आपणही घालू, असे म्हणणारे विसरतात की त्या पेपरला इंग्रजी वाचणारे सगळे जग गिऱ्हाईक आहे. रावेरच्या पानाला गिऱ्हाईक रावेरचेच. मुख्यालयाला वर्गणी हवी असते राज्याच्या राजकारणावरच्या विश्लेषणासाठी, शेअर बाजारासाठी, शनिवार-रविवारच्या पुरवणीसाठी. रावेरचे पान तसेच निवेदनांनी भरलेले राहते, फक्त आता ते बघायलाही पैसे. असे असेल तर वाचकाने वर्गणी नाकारावीच. तालुका परवडत नाही, हे मुख्यालयाचे म्हणणे मात्र हिशेबात टिकत नाही. रावेर तालुक्याची लोकसंख्या तीन लाखांच्या आसपास. समजा एका पूर्णवेळ बातमीदाराला महिना पंचवीस हजार द्यायचे. महिना पन्नास रुपये देणारी पाचशे घरे मिळाली की त्याचा पगार निघाला. निम्मा पैसा कर, सर्व्हर आणि ऑफिसखर्चात गेला असे धरले तरी हजार घरे. तीन लाखांच्या तालुक्यात, केळीचे ट्रक दिल्लीला पाठवणाऱ्या तालुक्यात, हजार घरे नाहीत?

केळीचेच घ्या, कारण तिथे बातमीची किंमत रुपयांत मोजता येते. फळपीक विमा हवामानावर आधारित आहे. थंडीत पारा ठरलेल्या पातळीखाली सलग ठरलेले दिवस राहिला, किंवा उन्हाळ्यात वर गेला, की भरपाई लागू होते. हे दिवस मोजले जातात महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर. शेतकऱ्याच्या बागेत घड काळे पडले तरी केंद्राने नोंद दिली नाही तर त्या थंडीचे पैसे नाहीत. आणि एक दिवस अर्ध्या अंशाने हुकला तर सलग मोजणी तुटते. मग ते केंद्र उभे कुठे आहे? झाडाच्या सावलीत, भिंतीच्या आडोशाला, की उघड्यावर? मधले दोन दिवस ते बंद होते का? शेजारच्या मंडळात भरपाई लागू झाली आणि इथे नाही, दोन्ही केंद्रांत अंतर किती? रोजची नोंद उतरवून ठेवणारा, हिवाळाभर पाठपुरावा करणारा बातमीदार यावल-रावेरच्या बागायतदाराला किती रुपयांचा आहे हे त्यालाच विचारा. प्रत्यक्षात पानावर येते ते ‘केळी उत्पादकांना भरपाई द्या, अन्यथा आंदोलन’ हे निवेदन. केंद्राकडे जाऊन आलेला माणूस क्वचित, कारण त्या फेरीला जाहिरात नाही.

जाहिरात नसलेली बातमी म्हणजे काय, हे न्यायालयाच्या तारखांवरूनही कळते. जळगाव पालिकेच्या घरकुल योजनेतल्या गैरव्यवहाराच्या प्रकरणात २००६ मध्ये गुन्हा दाखल झाला आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले ते ३१ ऑगस्ट २०१९ ला. पुढे अपिलेही झाली. निकालाच्या दिवशी कॅमेऱ्यांची झुंबड उडणारच. पण मधल्या वर्षांत तारखेला जळगावहून धुळ्याला जाणे, साक्ष ऐकणे, ‘पुढील सुनावणी अमुक रोजी’ एवढीच ओळ घेऊन परत येणे, हे ज्यांनी केले त्यांच्या एसटीच्या तिकिटाचे पैसे कोणत्या शुभेच्छा जाहिरातीतून निघणार होते? तापी नदीवरच्या पाडळसे धरणाचेही तेच. सुमारे १४२ कोटींचा अंदाज धरलेला प्रकल्प काही हजार कोटींवर गेला. आंदोलनाची, आश्वासनाची, नारळ फोडल्याची बातमी येत राहिली. कोणत्या वर्षी किती निधी आला, तो कशावर गेला, काम कुठे अडले, असा सलग हिशेब मांडायला लागतात महिने, आणि महिन्यांचा पगार.

आणि पतसंस्था! जळगाव जिल्ह्यातल्या ठेवीदाराइतके हे दुसऱ्या कोणाला कळावे? इथल्या पतसंस्था एकामागून एक अडचणीत आल्या, एका मोठ्या बहुराज्यीय संस्थेवर २०१५ मध्ये, कारभार गुंडाळण्यासाठी, अवसायक नेमायची वेळ आली. पानभर जाहिरात देणाऱ्या पतसंस्थेच्या ताळेबंदात थकबाकी किती आणि ती कोणाकडे, हे वेळेत सांगणे त्याच जाहिरातीवर जगणाऱ्या पानाला शक्य नसते. निवृत्त शिक्षकाने बातमीवरचे पन्नास रुपये वाचवले आणि लेकीच्या लग्नासाठी ठेवलेली ठेव गेली, तर फुकट बातमी त्याला किती महाग पडली?

फुकट यूट्यूब चॅनेल आणि पोर्टले आता ही जागा भरतील, असे काही जण म्हणतात. त्यांतले दोन-चार खरोखर धाडसी आहेत. बाकीच्यांची माइकवर नाव छापून ‘बाइट’ घेण्याची पद्धत पाहिली की पुरवणीचे टार्गेट फक्त कागदावरून फोनवर आले आहे हे दिसते.

तेव्हा माझ्या लेखी सौदा असा असावा. पेपरने तालुकानिहाय वर्गणी सुरू करावी. चोपडेकराने चोपड्यासाठी भरावी, साक्रीकराने साक्रीसाठी. त्या पैशातून नेमलेल्या बातमीदाराकडे जाहिरातीचे टार्गेट नसावे, ही अट लेखी असावी. किती वर्गणी जमली आणि बातमीदारावर किती खर्च झाली, हे दर तीन महिन्यांनी त्याच पानावर छापावे. निवेदने, वाढदिवस, भूमिपूजने सगळ्यांना फुकट वाचू द्यावीत. त्यांचे पैसे आधीच कोणीतरी भरलेले असतात.

वसुली कोण करणार, हा प्रश्न मालक मंडळी विचारतीलच. ती यंत्रणा आपल्याकडे आयती आहे. महिना संपला की बिलबुक घेऊन दारोदार फिरणारा विक्रेता अजून आहे. एप्रिल २०२० मध्ये घरपोच पेपर वाटण्यावर बंदी आली तेव्हा त्याची गिऱ्हाइके तुटली, ती सगळी परत आली नाहीत. त्याच्याच पिशवीत ऑनलाइन वर्गणीचे पावतीपुस्तक द्या आणि त्याला त्याचे कमिशन द्या. ओटीपी सांगायला घाबरणारे आजोबा त्याच्या हातावर पन्नासची नोट बिनधास्त ठेवतील. आणि महिनाभरात पानावर नुसती निवेदनेच दिसली, तर पुढच्या वेळी पावती फाडण्याआधी त्यांना जाब विचारायला माणूस दारात उभा असेल.